द आणि ध

रात्री साडेअकराला प्रसन्न शिरोडकर मजकूर घेऊन आला.
दहा बाय सहा. सकाळी दाभोली नाक्यावर लागायला हवा.
'उदारमतवाद्यांनो, वेंगुर्ल्यात पाय ठेवाल तर याद राखा.'
मी टाईप केलं. तो मागून वाकला,
"बारीक दिसता. लाल कर गो, शलाका."
विचारलं, उदारमतवादी म्हणजे कोण रे?
"ता काय म्हायत नाय. पण असतत."

मशीनमागे, शाईच्या कॅनना आडोसा म्हणून
एक फणसाची फळी उभी असते.
तिच्यावर पणज्याच्या हातचं, उजवीकडे कललेलं:
उधारमतवादी मंडळ.
सभासदांखेरीज प्रवेश नाही.

ध. घडीव, पोट भरलेला ध.
पणजा होड्यांवर नावं घालायचा, गलबतांवर नंबर.
त्याला वाचता येई ते दुकानांच्या पाट्यांपुरतं,
आणि दुकानात उधार असतं;
उदार त्यानं पाहिलं कुठे असणार?
टेमकर वकील पोट धरून हसले म्हणे.
मजुरी दिली नाही, चूक ती चूक.
आत इंग्रजीत ठराव चालला होता:
विधवेचे केस, वर्तमानपत्राची मोकळीक,
सरकारनं प्रजेच्या घरातून हात आवरता घ्यावा.
खोताच्या अर्धेलीचा विषय निघाला नाही,
सभासदांत तिघे खोत होते.
पणजा पायरीवर, वहाणांशेजारी.
आत टाळ्या वाजल्या की त्याला वाटे,
आपले पैसे मंजूर झाले.

(त्याच टेमकरांनी पुढे आपल्या विधवा मुलीचं लग्न लावलं.
गावानं पाच वर्षं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही.
हेही लिहायला हवं.)

आजोबांच्या वेळी शब्द तोच, हात उलटा.
आता सरकारनं तो लांब करावा: शाळा, रेशन,
कुळाच्या नावावर सातबारा.
आजोबांनी नगरपालिकेच्या विहिरीवर लिहिलं, सर्वांसाठी.
पहिले चार महिने कुणी घागर सोडली नाही.
अक्षर छान होतं.

एक्क्याण्णव साली रेडिओवर 'उदारीकरण' ऐकून
बाबा फळीकडे बघत म्हणाले,
"इलो परत. शेपूट लावन इलो."
शिरोड्यापासून निवतीपर्यंत प्रत्येक गडग्यावर
त्यांनी शीतपेयाची बाटली काढली, थेंबांसकट.
माझी पहिली सायकल त्या थेंबांची.
दहा वर्षांनी त्याच दारानं हे मशीन आलं.
डब्यातलं टर्पेंटाइन उडून गेलं, ब्रश ताठ झाले,
बाबांनी ते फेकलेही नाहीत.
समुद्रात पर्ससीनवाले शिरले.
मासा ज्याच्याकडे डिझेल त्याचा.

रापणीचे तांडेल जयराम केळुसकर तेव्हा
संध्याकाळी आमच्या बाकावर येऊन बसत.
"आमचो एकच कायदो. दोरीक हात लायलो, तेका वाटो."
मी कॉलेजात होते, शहाणपणानं विचारलं,
आणि ज्याला हात लावता येत नाही, किंवा लावू देत नाहीत?
ते बराच वेळ विडीच्या टोकाकडे बघत राहिले.
"तेकाय," म्हणाले.
"पण वाटे घालताना ह्या कोण इचारीत नाय."

लाल केलं. प्रसन्ननं काचेवर बोट फिरवून वाचलं.
क्षणभर वाटलं, द चा ध करावा.
सकाळी मासळी बाजारात बायका एकमेकींना विचारतील,
कोणाची गो उधारी रवली?
नाही केला. गिऱ्हाईक आहे.
मशीनचा हप्ता दहा तारखेला.
शब्द इंचाइंचानं बाहेर येत राहिला,
ओला, वास मारणारा,
आणि आम्ही दोघं त्याची दोन टोकं धरून उभे होतो,
जमिनीला लागू नये म्हणून.

"पैसे?"
"निवडणूक झाल्यार देतंय. मांडून ठेव."
वही काढली. प्रसन्न शिरोडकर, दहा बाय सहा,
पुढे झोपेच्या भरात लिहून गेले,
उदार.